लग्नाच्या अल्बममध्ये फोटो चिकटवावेत की नुसते धरून ठेवावेत?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाचे लग्न काही महिन्यांपूर्वी झाले. छापून मिळणाऱ्या तयार फोटोपुस्तकाऐवजी, जाड काळी पाने आणि दर दोन पानांमध्ये पातळ कागद असलेला जुन्या पद्धतीचा अल्बम त्या दोघांना स्वतःच्या हाताने करून द्यावा, असे मी ठरवले. अल्बम शिवलेल्या बांधणीचा असून त्यात ३० पाने, म्हणजे ६० पृष्ठे आहेत. लॅबमधून सुमारे १२० प्रिंट करून आणल्या आहेत. बहुतेक १० × १५ सेंटिमीटरच्या आहेत, काही २० × २५ च्या. कागद चकचकीत आहे. पहिल्या दोन पानांवर मी पांढऱ्या पातळ गोंदाने फोटो लावले. दुसऱ्या दिवशी पाहते तो पाने वाकलेली आणि फोटो मधोमध फुगून वर आलेले. कोणता गोंद वापरला म्हणजे असे होणार नाही? चिकटलेले फोटो सोडवता येतील का? शिवाय आमच्या आईवडिलांच्या लग्नाचे फोटो १९८० च्या दशकातल्या, चिकट पानांच्या आणि वर प्लॅस्टिकचा पडदा असलेल्या अल्बममध्ये आहेत. त्यांतले काही काढून नव्या अल्बमच्या सुरुवातीला लावण्याचा विचार आहे. तो योग्य आहे का?

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला कदाचित अनपेक्षित वाटेल. फोटोच्या पाठीला कोणताही गोंद लावू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. अल्बममधला फोटो पानावर धरून ठेवलेला असावा, पानाशी एकजीव झालेला नसावा. म्हणजे उद्या पान खराब झाले, फोटो चुकीच्या जागी लागला असे वाटले किंवा त्याची नवी प्रत काढायची झाली, तर तो कसलीही इजा न होता बाहेर काढता येतो. त्यासाठी सर्वांत साधे आणि भरवशाचे साधन म्हणजे फोटोचे कोपरे. ते कसे लावावेत हे पुढे सविस्तर लिहितो. त्याआधी आपले फोटो का फुगले ते पाहू, कारण ते कळले की गोंदांची तुलना करीत बसण्याचे कारण उरणार नाही.

लॅबमधून येणाऱ्या आजच्या बहुतेक प्रिंट रेझिन-कोटेड, म्हणजे बोलण्यात ज्याला ‘आरसी’ म्हणतात, त्या कागदावर असतात. ह्या कागदाच्या दोन्ही अंगांना पॉलिथिलीनचा पातळ थर असतो आणि चित्र ज्यात उमटते तो जिलेटिनचा थर त्यांतल्या वरच्या पॉलिथिलीनवर असतो. साहजिकच पाठीला लावलेल्या गोंदातले पाणी प्रिंटमध्ये शिरू शकत नाही. ते सगळे अल्बमच्या पानाने शोषले. कागदाचे तंतू पाणी शोषले की लांबीपेक्षा जाडीत अधिक फुगतात, म्हणून पान एका दिशेने जास्त पसरले, आणि पसरलेल्या अवस्थेतच ते प्रिंटला चिकटले. पुढे रात्रभरात पान सुकून मूळ मापावर येऊ लागले, पण प्रिंट होती तेवढीच राहिली. दोघे एकमेकांशी जखडलेले असल्याने पानाला वाकण्यावाचून गत्यंतर नव्हते. गोंद थोडा दाट असता तर वाक थोडा कमी पडला असता, इतकेच. पाण्यावर आधारलेला कोणताही गोंद, मग तो खळ असो, पांढरा गोंद असो वा कांडीचा, आरसी कागदाच्या बाबतीत कमीअधिक प्रमाणात हेच करणार.

आपण ‘जुन्या पद्धतीचा’ असा शब्द वापरला आहे आणि जुने अल्बम पाहिलेल्या कोणालाही पानावर घट्ट बसलेले फोटोच आठवतात, हे मला मान्य आहे. मात्र त्यामागे त्या काळच्या कागदाची अडचण होती. १८५० मध्ये फ्रान्सच्या ब्लांकार-एव्रार यांनी अल्ब्युमेन कागद, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला फोटोचा कागद, प्रचारात आणला आणि पुढे कित्येक दशके फोटो त्याच कागदावर निघत राहिले. तो इतका पातळ असे की प्रिंट सुकताच गुंडाळी होई. तिला खळीने पुठ्ठ्यावर पुरती डकवल्याशिवाय ती हाताळताच येत नसे. फ्रेंच छायाचित्रकार दिस्देरी यांनी १८५४ मध्ये पेटंट घेतलेली ‘कार्त द व्हिझित’ ही छोटी छायाचित्रेही अशीच, साधारण ५४ × ८९ मिलिमीटरची प्रिंट ६४ × १०० मिलिमीटरच्या कार्डावर डकवून, तयार होत. परंतु ही कार्डे ठेवण्यासाठी १८६० च्या सुमारास जे अल्बम निघाले, त्यांच्या पानांना खिडक्या कापलेल्या असत आणि कार्ड फटीतून आत सरकवायचे असे. अल्बमच्या पानाला गोंदाचा थेंबही लागत नसे. तेव्हा कोपऱ्यांवर धरलेला फोटो ही आधुनिक तडजोड आहे असे समजू नये. परंपरेतलाच तो दुसरा आणि माझ्या मते अधिक शहाणपणाचा धागा आहे. आपल्या प्रिंट जाड आणि बऱ्यापैकी सपाट राहणाऱ्या असल्याने त्यांना डकवण्याची गरज नाही.

पाणी नसलेल्या गोंदांविषयीही कोणीतरी आपल्याला सुचवेलच, म्हणून थोडक्यात सांगतो. रबर सोल्युशन लावताना फार सोयीचे वाटते, पण काही वर्षांत ते सुकून सुटते, पिवळे डाग मागे ठेवते आणि त्यात गंधक असेल तर काळ्या-पांढऱ्या फोटोतले चित्र ज्या चांदीच्या कणांनी बनते त्यांच्यावरही परिणाम करते. साधी सेलोटेप तर अल्बमच्या आसपासही नसावी. फवाऱ्याचा गोंद कडांपाशी कमी आणि मध्ये जास्त बसतो, हवेत उडालेला अंश शेजारच्या फोटोंवर पडतो, आणि तो कालांतराने कसा वागेल याची खात्री देता येत नाही. दुतर्फी चिकटपट्ट्यांमध्ये ॲक्रिलिक गोंदाच्या पट्ट्या रबरी गोंदाच्या पट्ट्यांपेक्षा पुष्कळ टिकाऊ असतात, त्यांनी पानही वाकत नाही. अडचण एकच, की एकदा लागलेला फोटो काढताना त्याची पाठ सोलून निघते. ज्याची फाइल हाताशी आहे आणि पुन्हा छापता येईल अशा प्रिंटसाठी कोणी त्या वापरल्या तर मी वाद घालणार नाही, पण आपण इतक्या निगुतीने अल्बम करायला बसला आहात, तेव्हा ही पळवाट आपल्याला मी सुचवणार नाही.

व्यावसायिक छायाचित्रकार आणि चौकट करणारे लोक ‘ड्राय माउंटिंग’ करतात, तेही आपल्या कानावर आले असेल. त्यात प्रिंट आणि पुठ्ठा यांच्यामध्ये उष्णतेने वितळणारा पातळ टिशू घालून दोन्ही तापवलेल्या प्रेसमध्ये दाबतात. पाणी नसल्याने वाक येत नाही आणि प्रिंट आरशासारखी सपाट बसते. आरसी कागदासाठी तापमान साधारण ८० ते ९५ अंश सेल्सियस इतके ठेवावे लागते, कारण त्याहून फार वर गेल्यास पॉलिथिलीन मऊ पडून पृष्ठभाग बिघडतो. घरच्या इस्त्रीने हे नियंत्रण साधत नाही. भिंतीवर लावायच्या मोठ्या फोटोसाठी ही रीत उत्तम आहे. अल्बमसाठी मात्र ती जवळजवळ कायमची असल्याने मला पसंत नाही.

आता कोपरे. बाजारात दोन प्रकारचे मिळतात : कागदी, ज्यांच्या पाठीला ओले करून चिकटणारा गोंद असतो, आणि पारदर्शक, ज्यांची पाठ आधीच चिकट असते. काळ्या पानावर काळे कागदी कोपरे जवळपास दिसत नाहीत आणि जुन्या अल्बमचा तोच डौल येतो, म्हणून आपल्याला मी तेच सुचवेन. पारदर्शक घ्यायचे असतील तर ते पॉलिएस्टरचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे आहेत अशी खात्री करून घ्यावी. पीव्हीसीचे असतील तर परत करावेत. लहान प्रिंटसाठी ज्या कोपऱ्याची बाजू १० ते १२ मिलिमीटर आहे असे पुरतात, २० × २५ च्या प्रिंटसाठी मात्र २० मिलिमीटरच्या आसपासचे मोठे कोपरे लागतात, नाहीतर तिचे वजन पेलत नाही.

कोपरे हातात घेण्यापूर्वी संपूर्ण अल्बमची मांडणी करून टाकावी. फोटो पानांवर नुसते ठेवून, पाने उलटत, क्रम आणि जागा ठरवाव्यात, आणि ठरलेल्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा. नंतर काम करताना तोच आपला नकाशा. एका मापाचे दोन फोटो ज्या पानांवर येणार आहेत त्यांच्यासाठी पानाच्या मापाचा एक पातळ पुठ्ठा घेऊन त्यात फोटोंच्या जागा कापून काढाव्यात. तो साचा पानावर ठेवला की दर वेळी मोजपट्टी घेऊन काळ्या पानावर पेन्सिलच्या खुणा करण्याचा आणि मग त्या पुसण्याचा त्रास वाचतो. खालचा समास वरच्यापेक्षा थोडा अधिक ठेवावा. अगदी सारखा ठेवला तर फोटो खाली घसरल्याचा भास होतो.

प्रत्यक्ष लावण्याची रीत अशी. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि प्रिंट फक्त कडांना धरावी. चारही कोपरे आधी प्रिंटवर चढवावेत, पण प्रिंटचे टोक कोपऱ्याच्या घडीपर्यंत ठेचून बसवू नये; अर्धा मिलिमीटर जागा मोकळी राहू द्यावी. ही बारीक फट विसरली की सगळे मुसळ केरात, कारण पावसाळी, दमट हवेत पान पसरते आणि कोरड्या हवेत आकसते, तर आरसी प्रिंट जवळपास आहे तेवढीच राहते. कोपरे ताठ बसवले असतील तर पान आकसताच फोटो पुन्हा मधोमध फुगतो आणि गोंद न लावताही आपण पुन्हा पहिल्या पानावरच येतो. चारही कोपरे चढले की प्रिंट पालथी धरून बारीक कुंचल्याने एकेका कोपऱ्याची पाठ ओलसर करावी. कुंचला पाण्यात बुडवून टिपकागदावर जवळजवळ कोरडा करून घ्यावा. गोंद चमकू लागला की पुरे, पाणी ओघळता कामा नये. कोपरे जिभेने ओले करण्याची पूर्वापार सवय अनेकांना आहे, पण ओलाव्याचे प्रमाण तिथे हाती राहत नाही आणि जास्तीचे पाणी कोपऱ्याच्या तोंडातून प्रिंटखाली जाते. मग साच्याच्या आधाराने प्रिंट पानावर टेकवावी, एका वेळी एक कोपरा स्वच्छ टिपकागदाच्या तुकड्यावरून बोटाने दहा-पंधरा सेकंद दाबावा, आणि पान पूर्ण झाल्यावर त्यावर टिपकागद ठेवून वर एखादे जाड पुस्तक तासभर राहू द्यावे. तेवढ्या वेळात अल्बम मिटू नये, नाहीतर ओला कोपरा समोरच्या पातळ कागदालाही धरतो.

एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. समोरासमोरच्या दोन पृष्ठांवर फोटो अगदी एकाच जागी आले, तर अल्बम मिटल्यावर कोपऱ्यावर कोपरा येतो आणि तीस पानांच्या अल्बममध्ये चार ठिकाणी तेवढ्याच उंचवट्यांची रास तयार होते. म्हणून एका पृष्ठावर दोन आडवे फोटो एकाखाली एक असतील, तर समोर एक उभा मोठा फोटो घ्यावा, किंवा निदान जागा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरने सरकवावी. पाहणाऱ्याच्या डोळ्यालाही ते बरे वाटते.

मोठ्या प्रिंटना कोपऱ्यांखेरीज आणखी आधार हवा. त्यांच्या खालच्या लांब काठाला मधोमध, पानाच्याच रंगाच्या कागदाची एक अरुंद, घडी घातलेली पट्टी द्यावी. काठ घडीत टेकतो, गोंद फक्त पट्टीच्या पाठीला आणि पानाला लागतो. खिडकी कापलेल्या पुठ्ठ्यात मोठे फोटो बसवणे हा लग्नाच्या अल्बमचा देखणा प्रकार आहे, परंतु आपला शिवलेला अल्बम तेवढी जाडी सहन करणार नाही.

जाडीचा हा मुद्दा गोंदाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि अल्बम हाती घेणारे बहुतेक लोक तिथेच फसतात. आरसी प्रिंटची जाडी साधारण पाव मिलिमीटरच्या आतबाहेर असते. साठही पृष्ठांवर फोटो लावले तर नुसत्या प्रिंटचीच सुमारे १४ ते १५ मिलिमीटर जाडी पानांच्या मोकळ्या बाजूला वाढते, कोपरे वेगळेच. शिवणीकडे मात्र ती वाढत नाही. परिणामी अल्बम पुढच्या बाजूला उघड्या जबड्यासारखा पसरतो, पुठ्ठे तिरके उभे राहतात आणि काही वर्षांत शिवण ढिली पडते. चांगले अल्बम करणारे कारागीर हे जाणून असतात; ते शिवणीजवळ दर दोन पानांमध्ये कागदाची एक अरुंद पट्टी बांधणीतच घालतात, म्हणजे फोटोंची जाडी जिथे वाढणार तेवढीच जाडी पाठीकडे आधीपासून असते. आपला अल्बम उघडून शिवणीत अशा पट्ट्या आहेत का ते पाहावे. अल्बम रिकामा असताना पाने एकमेकांना न टेकता त्यांच्यात बारीक फट दिसत असेल, तर पट्ट्या आहेत असे समजावे. असतील तर दोन्ही बाजूंना फोटो लावायला हरकत नाही. नसतील तर फोटो फक्त उजव्या हाताच्या पृष्ठांवर लावावेत.

तसे केल्यास अर्थातच १२० फोटो मावणार नाहीत. साधारण पन्नास-पंचावन्न मावतील, आणि मला विचाराल तर अल्बम त्याने सुधारेल. एकाच क्षणाचे तीन-तीन फोटो, जेवणाऱ्या पंगतीचे लांबून घेतलेले फोटो, डोळे मिटलेले समूहफोटो हे सगळे खोक्यात राहू शकतात. निवड करताना नवरा-नवरीला बरोबर बसवावे. अल्बम त्यांचा आहे. शिल्लक प्रिंट बिनआम्ल कागदाच्या पाकिटांत, आडव्या ठेवून द्याव्यात.

पानांचा कागद कसा आहे तेही तपासावे, कारण फोटो आता गोंदाला नाही तरी पानाला अनेक वर्षे टेकून राहणार आहे. काळ्या कागदाचा रंग सुटतो का हे पाहण्यासाठी शेवटच्या पानाच्या कोपऱ्यावर ओलसर पांढरा टिपकागद ठेवून वर वजन द्यावे आणि अर्ध्या तासाने पाहावे. टिपकागद करडा झाला असेल तर तो अल्बम लग्नाच्या फोटोंसाठी योग्य नाही. वेष्टनावर ‘ॲसिड-फ्री’ असे लिहिलेले असणे ही चांगली सुरुवात आहे, पण ते शब्द कोण, कशाच्या आधारे छापतो यावर फारसे बंधन नसते, आणि कागद आम्लरहित असला तरी त्यातला रंग किंवा गोंद फोटोला अपायकारक असू शकतो. त्यापेक्षा ‘फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट’, म्हणजे आयएसओ १८९१६ ह्या मानकातली चाचणी उत्तीर्ण झाल्याचा उल्लेख अधिक भरवशाचा. ह्या चाचणीत कागद, गोंद वा प्लॅस्टिकचा नमुना संवेदनशील पट्ट्यांना लावून ७० अंश सेल्सियस तापमानात आणि ८६ टक्के सापेक्ष आर्द्रतेत १५ दिवस ठेवतात आणि पट्ट्यांवर फिकेपणा किंवा डाग येतो का ते मोजतात. कोपरे घेतानाही हाच उल्लेख शोधावा.

पानांमधला पातळ कागद काढू नये. चकचकीत प्रिंटचा जिलेटिनचा थर दमट हवेत मऊ होतो आणि समोरच्या चकचकीत प्रिंटला किंवा प्लॅस्टिकला चिकटतो. तो चिकटला की सोडवताना चित्रच निघून येते. पातळ कागद नेमके तेच थांबवतो, शिवाय समोरच्या कोपऱ्यांच्या टोकांनी चरे पडत नाहीत. तो चुरचुरीत, अर्धपारदर्शक ग्लासीनचा असेल तर तो ओलावा धरून सुरकुततो. दर पावसाळ्यानंतर एकदा पाहावे आणि सुरकुत्या वाढल्या तर त्या जागी साधा, मऊ, बिनआम्ल टिशू घालावा.

दुसरा प्रश्न फुगलेल्या दोन पानांचा. ते फोटो सोडवण्याच्या भानगडीत पडू नये. पांढरा गोंद एकदा सुकला की पाण्याने नीट विरघळत नाही. पान भिजवले तर काळा रंग पसरेल, पाते घातले तर प्रिंटची पाठ चिरेल, आणि गरम केले तर पॉलिथिलीनचे जे व्हायचे ते होईल. ह्या प्रिंट पुन्हा करून घेता येतात, तेव्हा त्यांच्यासाठी अल्बम पणाला लावण्यात अर्थ नाही. दोन्ही पाने शिवणीपासून सुमारे दोन सेंटिमीटर अंतरावर, पोलादी पट्टी लावून धारदार पात्याने सरळ कापून काढावीत. अगदी शिवणीलगत कापू नयेत, कारण शिवलेल्या अल्बममध्ये एकाच दुमडलेल्या कागदाची दोन पाने असतात. एक मुळापासून कापले की पुढे कुठेतरी असलेले त्याचे जोडीदार पान सुटते. मागे राहिलेल्या दोन पट्ट्यांनी शिवणीकडे थोडी जाडीही मिळते, हा फायदाच. अल्बम उघडताच त्या पट्ट्या डोळ्यांत येतील असे वाटत असेल, तर पहिल्या पट्टीवर एक नवे, जाड कागदाचे पान जोडावे आणि त्यावर दोघांची नावे व लग्नाची तारीख सुवाच्य अक्षरांत लिहावी. इथे आपला पांढरा गोंद खुशाल वापरा. पाच-सहा मिलिमीटर रुंदीची एकच रेघ, दोन्ही बाजूंना कागदच, आणि वर वजन. काही वाकणार नाही.

आता आईवडिलांच्या अल्बमविषयी, ज्याबद्दल मला आपल्या नव्या अल्बमपेक्षा जास्त काळजी वाटते. त्या चिकट पानांवरचा गोंद वर्षानुवर्षे कडक आणि पिवळा होत जातो आणि वरचा पडदा पीव्हीसीचा असेल तर त्यातून आम्लयुक्त वाफ आणि प्लॅस्टिक मऊ ठेवणारी द्रव्ये बाहेर पडत राहतात. भरीस भर म्हणजे त्या काळातल्या बऱ्याच रंगीत प्रिंटचे रंग अंधारात ठेवूनही उडतात. म्हणून काहीही सोडवण्यापूर्वी प्रत्येक पान, पडदा अलगद मागे करून, आहे तसे स्कॅन करावे. निदान खिडकीजवळच्या सौम्य उजेडात, कॅमेरा पानाला समांतर धरून, एकेका फोटोचा स्वतंत्र फोटो घ्यावा. हे झाल्यावरच सोडवण्याचा विचार करावा. दात साफ करायचा बिनमेणाचा पातळ धागा फोटोच्या एका टोकाखाली घालून, दोन्ही हातांनी करवतीसारखा हळूहळू पुढे सरकवत न्यावा. फोटो वर उचलायचा नाही, धाग्यानेच वाट काढू द्यायची. आधी ज्याचे महत्त्व कमी आहे असा एक फोटो निवडून पाहावा. धागा अडला, किंवा फोटोला वाक पडू लागला, की तिथेच थांबावे. केस वाळवण्याच्या यंत्राने गोंद मऊ करून फोटो काढण्याचा उपाय पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. जुन्या रंगीत प्रिंटवर तो मी करू देणार नाही. जे फोटो सुटतच नाहीत त्यांच्याभोवतीचे पान कापून, फोटो पानासकट ठेवावा, वरचा प्लॅस्टिकचा पडदा मात्र काढून टाकावा आणि त्याजागी बिनआम्ल टिशू घालावा. एखादा फोटो फारच मोलाचा असेल आणि घट्ट बसला असेल, तर छायाचित्रांचे जतन करणाऱ्या जाणकाराकडे न्यावा.

सुटलेले मूळ फोटो नव्या अल्बममध्ये लावू नयेत. त्यांच्या पाठीला गोंदाचा अंश राहिलेला असतो. तो नव्या पानाला चिकटेल आणि आपण जे टाळायला निघालो तेच पुन्हा होईल. स्कॅनवरून नव्या प्रिंट करून घ्याव्यात, उडालेले रंग त्या निमित्ताने थोडे सुधारून घेता येतील, आणि त्या प्रिंट अल्बमच्या आरंभी कोपऱ्यांवर लावाव्यात. मूळ फोटो पॉलिएस्टरच्या स्वतंत्र पाकिटांत ठेवावेत. आपली कल्पना सुंदर आहे. फक्त ती प्रतींवर राबवावी.

फोटोंखाली काही लिहायचे असेल तर ते पानावर लिहावे. काळ्या पानावर पांढरी रंगीत पेन्सिल पुरेशी उठून दिसते आणि शाईसारखी पसरत नाही. प्रिंटच्या पाठीवर बॉलपेनने लिहिले तर अक्षरांचे उठाव समोरच्या बाजूने दिसतात आणि आरसी कागदावर साधी पेन्सिल उमटतच नाही. समूहफोटोतल्या सर्वांची नावे फोटोखाली मावत नसतील तर फोटो ज्या जागी बसणार तिथे, म्हणजे त्याच्या आड, पानावर आधीच लिहून ठेवावीत. फोटो कोपऱ्यांवर असल्याने ती कधीही पाहता येतात : लांब बाजू अगदी किंचित कमानदार करून प्रिंट दोन कोपऱ्यांतून सोडवायची आणि परत तशीच बसवायची.

अल्बम पूर्ण झाल्यावर तो उभा न ठेवता आडवा ठेवावा, वर दुसरे जड काही नसावे. ३० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता फोटोंना मानवते. घरात ती मोजत बसणे शक्य नसले तरी बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट, माळा आणि स्नानगृहाशेजारची खोली एवढे टाळले तरी बरेच साधते.

शेवटची चार-पाच पाने रिकामी ठेवावीत, कारण पाहुण्यांनी मोबाइलवर काढलेले फोटो लग्नानंतर वर्षभर येत राहतात आणि त्यांतला एखादा नेमलेल्या छायाचित्रकाराला न सापडलेला असतो. ते घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढणार असाल, तर प्रिंट निघाल्यावर निदान एक दिवस उघड्यावर, वर साधा कागद ठेवून वाळू द्यावी. हाताला कोरडी लागली तरी शाईतली द्रव्ये आत बराच वेळ उडत असतात. इंकजेटच्या पृष्ठभागावर लॅबच्या प्रिंटपेक्षा लवकर चरे पडतात, तेव्हा त्या पानांसमोरचा पातळ कागद धड आहे ना, एवढे पाहून मगच कोपरे ओले करावेत.